नळी, मान, खांदा: कमी पैशात मटण घ्यायचं तर खाटकाला काय सांगायचं

प्रश्न थोडक्यात असा. घरात पाच माणसं, आठवड्यातून एकदा मटण. आजवर मांडीचं, हाडं काढलेलं मटण आणत होतात, ते आता परवडेनासं झालंय. खाटकाच्या सांगण्यावरून दोनदा स्वस्तातलं घेतलं, तासभर शिजवलं, आणि दोन्ही वेळा चावून चावून जबडे दुखले. तर कुठला भाग मागावा, आणि फसगत होऊ नये म्हणून काय बघावं?

मी १९ वर्षं ठोकळ्यामागे सत्तूर घेऊन उभा होतो. नंतर बरीच वर्षं मोठ्या स्वयंपाकघरात शिजवण्याच्या बाजूला होतो. त्यामुळे आधी तुमच्या खाटकाची बाजू घेतो. त्याने फसवलेलं दिसत नाही. बहुधा त्याने चांगलाच भाग दिला होता, तुम्ही तो अर्धवट शिजवून खाल्लात.

खाटकाला अख्खं जनावर विकायचं असतं, ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोक्यात कधी येत नाही. जनावराला मांड्या दोनच. पाठीच्या कण्याला आतून चिकटलेली मऊ पट्टी तर हाताच्या पंज्यात मावेल एवढीच. आलेल्या दहापैकी आठ जणांना तेच हवं असतं. मग मान, पुढचे पाय, छाती, नळ्या, पोटाकडचा पातळ पडदा हे सगळं संध्याकाळपर्यंत उरतं. त्यांचा भाव कमी असतो तो या उरण्यामुळे. चवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट चव तिथेच जास्त असते. ज्या स्नायूने जन्मभर काम केलं, मान उचलली, अंगाचा भार पेलला, त्यातच रंग आणि रस भरलेला असतो.

मी कामाला नवीन होतो तेव्हाची गोष्ट. एका गिऱ्हाइकासाठी मांडी सोडवत होतो. त्याला हाडाचा तुकडाही नको होता, म्हणून खालची नळी तोडून बाजूला सारली. रांगेत मागे एक म्हातारी उभी होती. ती म्हणाली, "बाळा, ती नळी टाकू नकोस, माझ्यासाठी ठेव. आणि मानेचं काय उरलंय ते दाखव." मी मान दाखवली. तिने बोटाने मधला कण्याचा भाग दाबून पाहिला, म्हणाली, "आडवे तुकडे कर, बोटभर जाड. बारीक करू नकोस, चुरा होतो." पुढच्या माणसाने जेवढे पैसे दिले त्याच्या निम्म्यात तिची पिशवी त्याच्यापेक्षा जड झाली. मटण घ्यायचं कसं हे मी मालकाकडून कमी आणि अशा गिऱ्हाइकांकडून जास्त शिकलो.

आता तुमच्या चिवटपणाकडे येऊ. नळीचा आडवा तुकडा हातात घेऊन नीट बघा. मधे हाड, हाडात मगज, भोवती स्नायूंचे पाच-सहा वेगवेगळे गठ्ठे. प्रत्येक गठ्ठ्याभोवती पांढरी, चकाकती झिल्ली दिसेल. ही झिल्ली आणि स्नायूंच्या आतलं असंच जाळं मुख्यतः कोलॅजन नावाच्या प्रथिनाचं असतं. कच्चं असताना ते दोरीसारखं चिवट. ६० अंश सेल्सिअसच्या आसपास ते आकसतं आणि स्नायूतलं पाणी पिळून बाहेर काढतं. म्हणजे शिजायला लागल्यावर पहिला तासभर मटण आणखीच घट्ट होत जातं. ७० अंशांच्या वर वेळ मिळाला की तेच कोलॅजन हळूहळू विरघळून जिलेटिन होतं. ओठांना चिकटणारा तो दाट रस्सा त्याचाच. तुम्ही जिथे गॅस बंद केलात तिथे काम नेमकं मध्यावर होतं. आणखी तासभर थांबला असतात तर मला प्रश्न विचारायची वेळ आली नसती.

मांडीच्या मटणात हे जाळं त्या मानाने कमी, म्हणून ते लवकर होतं. पण तेच दोन-अडीच तास उकळत ठेवलंत तर कोरडं, भुसभुशीत होतं, कारण विरघळून रस द्यायला आत फारसं काहीच नसतं. लांब शिजणाऱ्या पदार्थात महागडा भाग घालणं म्हणजे दोन्हीकडून नुकसान.

साध्या पातेल्यात, मंद आचेवर, झाकण ठेवून नळीला अडीच-तीन तास लागतात, मानेला दोन-अडीच, खांद्याला दीड-दोन. जनावर वयाचं असेल तर त्याहून जास्त, कारण वयाबरोबर कोलॅजनच्या दोऱ्या एकमेकींना घट्ट बांधल्या जातात. प्रेशर कुकरमध्ये आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, त्यामुळे नळी पाऊण तासात होते. वाफ मात्र आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून एकदम सोडलीत तर आतला रस उसळून बाहेर येतो आणि मटण धाग्याधाग्याचं लागतं. झालं की नाही हे घड्याळावर ठरवू नका. काट्याचं टोक तुकड्यात घालून फिरवा. तुकडा काट्याबरोबर उचलला गेला तर अजून वेळ आहे. काटा सहज फिरला आणि तुकडा जागीच राहिला तर झालं.

म्हणून खाटकाकडे गेल्यावर भागाचं नाव घेऊ नका. काय करणार आहात आणि हातात वेळ किती आहे, ते सांगा. "पाच माणसांचा रस्सा करायचाय, तीन तास आहेत, स्वस्तातलं काय देशील?" एवढं एक वाक्य बोललं की समोरचा माणूस बदलतो. दिवसभर "चांगलं दे, मऊ दे" ऐकून तो कंटाळलेला असतो. तुम्ही त्याच्या उरणाऱ्या मालाला गिऱ्हाईक म्हणून उभे आहात हे कळलं की तो आतून चांगली मान काढून देतो, वर चार हाडं फुकट टाकतो. हे मी शेकडो वेळा केलंय. गर्दीच्या वेळी मात्र असं बोलत बसू नका. त्याचा हात चालू असतो, लक्ष रांगेवर असतं. दुकान उघडल्या उघडल्या किंवा दुपारच्या निवांत वेळी जा.

सगळ्या मटणाला एकच भाव लावणारी दुकानंही पुष्कळ असतात. तिथे नळ्या मागून पैसे वाचत नाहीत. तिथे खांदा मागा. पुढच्या पायाच्या वरचा हा भाग सगळ्यांत गुणी. त्यात मांस बरंच, चरबी बेताची, जाळंही बेताचं, शिजायला फार वेळ नाही, आणि मांडी मागणाऱ्यांच्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मधे फावड्यासारखं चपटं हाड असतं, ते सोडवायला सोपं. मला आयुष्यभर एकच भाग खा म्हटलं तर मी खांदा घेईन.

आता हिशेब. बहुतेक जण इथेच चुकतात, दोन्ही बाजूंनी. हाडासकट मटण किलोला स्वस्त दिसतं म्हणून ते स्वस्त पडतंच असं नाही. नळीत हाड तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरू शकतं, खांद्यात त्याहून बरंच कमी. घरी एकदा एवढं करून बघा: एक किलो हाडासकट आणा, जेवण झाल्यावर ताटांतली सगळी हाडं गोळा करून वजनकाट्यावर ठेवा. समजा ३०० ग्रॅम भरली. म्हणजे खाण्याजोगा माल ७०० ग्रॅम. हाडासकटचा भाव जर बिनहाडाच्या भावाच्या ७० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर तुम्ही फायद्यात, जास्त असेल तर तोट्यात. नळीच्या बाबतीत ही रेघ ६० टक्क्यांच्या आसपास धरा. हाडांतून रस्स्याला जे मिळतं ते या हिशेबात धरलेलं नाही, तो वरचा लाभ. शिजल्यावर मांसाचं वजन पाव ते तिसऱ्या हिश्शाने घटतं, ते मात्र सगळ्याच भागांत घटतं, तेव्हा त्याचा दोष खाटकाला देऊ नका.

वजनाबाबत एकच गोष्ट विचारायची: साफ करून तोलणार की तोलून साफ करणार? चरबी, झिल्ली, रक्ताळलेली टोकं काढण्याआधी तोललं तर काढलेल्या भागाचे पैसे तुम्ही दिलेले असतात. मग तो काढलेला भागही मागून घ्या. चरबी वितळवून ठेवता येते, हाडांचे तुकडे सूपला लागतात. काटा दिसेल अशा जागी उभे राहा, माल ठेवण्याआधी तो शून्यावर आहे एवढं बघा आणि गप्प राहा. उगाच संशय दाखवणारं गिऱ्हाईक कुणालाच आवडत नाही. मालातून पाणी निथळत असेल तर मात्र निथळू द्या, मग तोला म्हणावं. कोंबडीच्या बाबतीत हे विशेष.

सत्तुराने हाड तोडताना कपच्या उडतात. तुकडे जितके बारीक तितक्या कपच्या जास्त. मोठे तुकडे मागा, आणि घरी प्रत्येक तुकड्यावरून बोट फिरवा. लहान मुलं जेवणार असतील तर हे टाळूच नका.

ताजेपणाबद्दल लोकांच्या मनात एक पक्का समज आहे: आत्ता कापलेलं म्हणजे सगळ्यांत चांगलं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ठीक, मऊपणाच्या दृष्टीने नाही. जनावर कापल्यावर काही तासांत स्नायू आखडतात, त्यांची मुठीसारखी पकड बसते. शेळी-मेंढीत ही पकड ढिली व्हायला साधारण एक दिवस जातो. आखडलेल्या अवस्थेत शिजवलेलं मटण सर्वांत चिवट. म्हणून घरी आणल्यावर उघड्या भांड्यात, वरून हलकं झाकून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात एक रात्र ठेवा. त्याच वेळी मीठ लावलंत तर आणखी बरं, किलोला १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन लहान चमचे. मीठ रात्रभरात आत उतरतं. दही-लिंबू मात्र वरच्या थोड्या मिलिमीटरपुरतंच काम करतं, त्यावर फार भिस्त ठेवू नका. कच्ची पपई प्रथिनं खरोखर तोडते, पण ती जाळ्याबरोबर स्नायूही खाते. अर्ध्या तासाच्या वर ठेवली की बाहेरून लगदा आणि आतून चिवट, असा विचित्र प्रकार होतो.

नुकतंच कापलेलं, अजून गरम असलेलं मटण थेट फ्रीजरमध्ये टाकणं ही मी स्वतः केलेली चूक. नवीन होतो, पहाटे कापलेलं अर्धं जनावर स्वस्तात मिळालं, सकाळी आठच्या आत तुकडे करून गोठवून टाकलं. वाटलं, ताजेपणा कोंडून ठेवला. महिनाभर घरच्यांनी शिव्या घातल्या. याचं कारण फार नंतर कळलं. आखडण्याआधीच स्नायू फार थंड झाले की ते नेहमीपेक्षा जास्त आकसतात. न्यूझीलंडमधल्या संशोधकांनी १९६३ मध्ये हे नेमकं दाखवून दिलं, तिथल्या गोठवलेल्या कोकराच्या मटणाचं चिवटपण हा त्यांच्या निर्यातीपुढचा मोठा प्रश्न होता. म्हणून आधी एक दिवस फ्रीजमध्ये, मग फ्रीजरमध्ये.

चार घरं मिळून अख्खं जनावर घेणार असाल तर हे आणखी महत्त्वाचं. तिथे आणखी एक गोष्ट माहीत हवी: जिवंत २० किलोच्या बोकडातून साफ केलेलं, हाडासकट मटण साधारण ९ ते १० किलोच निघतं. डोकं, पाय आणि आतले अवयव वेगळे. भाव ठरवताना तो जिवंत वजनावर आहे की साफ केलेल्यावर, हे आधी बोलून घ्या. नाहीतर मैत्री तुटते.

जनावराचं वय खाटकाला दातावरून कळतं. दुधाचे पुढचे दोन दात पडून कायमचे दोन येतात ते साधारण एक ते दीड वर्षाच्या सुमाराला, त्याला दोन दाती म्हणतात. तुमच्यापुढे दात नसतात, मांस असतं. कोवळ्याचं मांस फिकट गुलाबी, हाडाचं तोंड लालसर. वयाचं मांस गडद, धागे जाड, हाड पांढरं आणि कठीण. वयाचं वाईट नसतं, रस्सा तर त्याचाच चांगला होतो. फक्त वेळ दुप्पट धरा, आणि भाव कोवळ्याचा देऊ नका.

रंगावरून घाबरू नका. हवा लागली की मांस लालभडक होतं, जास्त वेळ गेला की तपकिरी पडतं. नुसतं तपकिरी म्हणजे खराब नव्हे. पिशवीत साठलेलं लाल पाणीही रक्त नसतं, स्नायूतलं पाणी आणि रंगद्रव्य असतं. वास आंबट किंवा उग्र येत असेल, बोटाला बुळबुळीत लागत असेल, तर मात्र फुकट मिळालं तरी नको.

खिमा. यात सगळ्यांत जास्त बचत आहे आणि सगळ्यांत जास्त गडबडही. आधीच करून ठेवलेला खिमा घेऊ नका, त्यात काय गेलंय हे करणाऱ्यालाच माहीत. खांद्याचा किंवा मानेचा तुकडा निवडा, समोर सोलून घ्या, समोर दळून घ्या. यंत्रातून पहिली मूठभर बाहेर पडते ती आधीच्या गिऱ्हाइकाची असते. ती बाजूला काढायला सांगा. अगदी कोरडा खिमा चांगला लागत नाही, पाचवा-सहावा हिस्सा चरबी असू द्या. दळल्यावर पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात, त्यामुळे खिमा पूर्ण शिजवायचा, आतलं तापमान ७१ अंश, आणि कच्चा फ्रीजमध्ये दोन दिवसांच्या वर ठेवायचा नाही. सलग तुकडे तीन ते पाच दिवस टिकतात.

आतले अवयव म्हटल्यावर निम्मे लोक नाक मुरडतात, म्हणून तर ते स्वस्त. सुरुवात हृदयापासून करा. तो निव्वळ स्नायू आहे, वास नाही, चरबी फारशी नाही. वरच्या नळ्या कापून टाका आणि पातळ काप करून कडक आचेवर भाजा. कलेजी पाच-सात मिनिटांत होते. तिला मटणासारखं तासभर शिजवणारे पाहिले की मला वाईट वाटतं, कारण ती जास्त शिजली की खडूसारखी होते. गुर्दा उभा चिरून आतला पांढरा गाभा काढलात तर त्याचा वास निम्म्याने कमी होतो. वजडीचं, म्हणजे पोट-आतड्यांचं, काम मात्र कष्टाचं आहे. साफ करून देणारा खाटीक नसेल तर पहिल्याच खेपेला तिच्या वाटेला जाऊ नका. कलेजीत लोह आणि बी-१२ भरपूर, पण जीवनसत्त्व 'अ' इतकं असतं की गरोदर बाईने ती टाळलेली बरी. घरात कुणाला गाऊटचा त्रास असेल तर अवयवांचं मांस त्यांच्या ताटात नको.

कोंबडीबद्दल थोडक्यात. तुकडे विकत घेण्यापेक्षा अख्खी घ्या आणि कापून घ्या. छातीचं एक जेवण, तंगड्यांचं दुसरं, आणि पाठ, मान, पंखांची टोकं यांचं सूप. कलेजी आणि पेटा, म्हणजे कोंबडीचं दाणे दळणारं पोट, कित्येकदा असाच बरोबर मिळतो. पेटा चिवट असतो, त्याला वेळ द्या. आणि कच्ची कोंबडी नळाखाली धुऊ नका. जंतू धुतले जात नाहीत, शिंतोड्यांबरोबर ओट्यावर पसरतात. माझ्या घरी हे अजून कुणी ऐकत नाही. जंतू मरतात ते ७४ अंशांना, शिजताना.

तुमच्या पाच माणसांसाठी पुढच्या खेपेला हे घ्या: एक किलो खांदा हाडासकट, मोठे तुकडे, आणि दोन नळ्या आडव्या कापून. आदल्या दिवशी आणा, मीठ लावून रात्रभर ठेवा. नळ्या तासभर आधी चढवा, मग त्यातच खांदा सोडा, म्हणजे दोन्ही एकाच वेळी होतील. वाढण्याआधी नळीतला मगज ताटलीवर ठोकून काढून रस्स्यात ढवळा, नाहीतर तो कुणाच्या वाट्याला यावा यावरून घरात भांडणं होतात.